नेमल्या दिवसाची पाळी

गुरुवारी दुपारच्या बांगेपासून दिवस बुडायच्या बांगेपर्यंत पाटाचं पाणी रोपवाल्याच्या घराचं असायचं. त्याच्या आजोबांच्या काळापासून चालत आलेली पाळी. ती कुणी कागदावर लिहून ठेवलेली नव्हती आणि तशी गरजही कधी कुणाला वाटली नव्हती.

त्या गुरुवारी बांग होऊन गेली, नमाज झाली, माणसं आपापल्या वाटेला लागली, तरी पाट कोरडाच. रोपवाला फावडं आडवं टाकून पाटाच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. गावात त्याला त्याच्या नावाने कुणी हाक मारत नसे. मिरचीचं, वांग्याचं, कोबीचं रोप हवं असलं की लोक त्याच्या वाफ्यांवर यायचे. वीत-वीत उंचीची रोपं, मुळाशी ओल्या मातीचा गोळा ठेवून अलगद उपटून द्यायची, हेच त्याचं काम. रोपाला दोन दिवस पाणी चुकलेलं चालतं, तिसऱ्या दिवशी ते मान टाकतं. हा दिवस आठवा होता. सात दिवस विहिरीच्या पाण्यावर कसंबसं तगवून आणलेलं.

"आलं का?" वाफ्यावरून बायकोने विचारलं.

"बेडूक आलाय एक. तोही परत निघालाय."

ती वाफ्यावरचं सुकं गवत बाजूला सारत होती. सहा महिन्यांची मुलगी झाडाखाली टोपलीत निजलेली. मुंग्या चढू नयेत म्हणून टोपलीभोवती तिने राखेचं कडं घातलं होतं, आणि तरीही दर थोड्या वेळाने ती उठून बघून यायची. सासू तिला हसायची. "अगं, मी सहा वाढवली. एकालाही मुंगीने नेलं नाही."

रोपवाला उठला. फावडं खांद्यावर टाकून पाटाच्या कडेकडेने वर चालत गेला. चारशे पावलांवर पाटाला दोन फाटे फुटत. एक त्यांच्याकडे येणारा, दुसरा गावाची नमाज पढवणाऱ्या हाफिजसाहेबांच्या भुईमुगाकडे जाणारा. दोन्हींना लाकडी दारं. रोपवाल्याच्या फाट्याचं दार पार तळापर्यंत खाली दाबलेलं होतं, वर ओला चिखल थापलेला. आणि हाफिजसाहेब आपल्या फाट्यात पाय सोडून, डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत कुरआनचा पाठ करत बसले होते. पाणी त्यांच्या घोट्यांवरून खळखळत चाललं होतं.

"हाफिजसाहेब, आज गुरुवार."

डोळे उघडले. "हो का? मग?"

"पाळी आमची."

"मग मी काय तुमचं पाणी अडवून ठेवलंय? कचरा अडकला असेल दाराला."

"चिखल आहे. हाताने थापलेला. बोटं उमटलीत त्यात."

हाफिजसाहेबांनी पाय पाण्याबाहेर काढले, लुंगीच्या टोकाने सावकाश पुसले. "बोटं उमटलीत म्हणतोस. कुणाची, ते पण ओळखतोस का?"

रोपवाल्याने फावड्याने चिखल उकरला, दार उचललं. तोवर ऊन उतरायला लागलं होतं. पाणी वाफ्यांपर्यंत पोचलं आणि थोड्याच वेळात दिवस बुडाल्याची बांग झाली. बारा वाफ्यांपैकी तीन भिजले. राहिलेल्या नवांमधलं चार वाफ्यांचं रोप दुसऱ्या सकाळी आडवं झालं होतं.

*

शुक्रवारी मोठ्या नमाजानंतर मशिदीच्या अंगणात पाच म्हातारे बसले. पाण्याचा तंटा तेच मिटवत. मध्ये मोठे चाचा. त्यांना ऐकू कमी यायचं, पण निवाडा मोठ्याने करायचे.

मशिदीच्या उजव्या अंगाला बायकांची खोली होती, मध्ये बारीक लाकडी जाळी. रोपवाल्याची बायको तिथे पोरीला मांडीवर घेऊन बसली. जाळीतून माणसं तुकड्या-तुकड्यांनी दिसत. कुणाची दाढी, कुणाचा गुडघा. नवऱ्याचा तिला फक्त पंजा दिसत होता. मांडीवर उघडा पडलेला, मातीने भेगाळलेला.

"शपथ घ्यायची का, हाफिज?" मोठ्या चाचांनी विचारलं.

"घेतो."

कपाटातली मोठी प्रत आणली. हिरव्या कापडाची गाठ सोडली. हाफिजसाहेबांनी हातपाय-तोंड धुऊन वजू केली, कुरआनवर उजवा हात ठेवला आणि म्हणाले, "मी त्या दाराला हात लावला नाही."

ज्याच्या छातीत सबंध कुरआन आहे, त्याने त्याच्यावरच हात ठेवल्यावर बोलायचं काय उरलं?

"मी पण हात ठेवतो," रोपवाला म्हणाला.

"तू?" मोठे चाचा म्हणाले. "तुला त्यातली एक ओळ तरी धड वाचता येते का?"

कुणीतरी हसलं. मग आणखी दोघे हसले. खरंच होतं ते. कुरआनातल्या चार लहान सूऱ्यांवर, म्हणजे अध्यायांवर, त्याची आयुष्यभराची नमाज चालली होती. त्याही बायकोने लग्नानंतर सरळ करून दिलेल्या. जाळीतून तिला तो पंजा मिटताना दिसला.

निवाडा झाला. हाफिजावर आळ घेतला म्हणून रोपवाल्याने सगळ्यांसमोर त्यांचे हात धरून माफी मागायची आणि पुढच्या तीन पाळ्या सोडायच्या. तीन गुरुवार. तीन गुरुवार म्हणजे हंगाम. उरलेले वाफे जातील, लोक दुसऱ्या गावाहून रोप आणतील, आणि मग रोपवाल्याला लांबच्या खाणीवर दगड फोडायला जाण्यावाचून इलाज नाही.

त्याने हात धरले. दोन्ही हातांनी, वाकून.

"मी माफ केलं," हाफिजसाहेब म्हणाले. आवाज तर त्यांचा असा की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. तिच्याही आला.

ती उठली नाही. पोर रडायला लागली तरी तिला पुष्कळ वेळ ते कळलं नाही.

*

तिचे वडील गावोगावच्या पोरांना कुरआन तोंडपाठ करवायचे. लोक त्यांना उस्ताद म्हणत, आणि तिला अजूनही उस्तादांची लेक. म्हातारपणी त्यांचे डोळे गेले, कानही मंदावले. तेव्हा पोरं पाठ म्हणायला बसली की पडद्यामागे लेकीला बसवायचे. अकराव्या वर्षी तिचं सगळं पाठ झालेलं होतं. नमाजात इमाम चुकला तर पुरुष 'सुभानल्लाह' म्हणून खुणावतो आणि बाई एका हाताच्या पाठीवर दुसरा हात मारते, तोंडाने बोलत नाही. वडिलांनी वर्गात तीच रीत ठेवली. टाळी वाजली की पोराने थांबायचं, मागे यायचं, परत म्हणायचं.

त्या पोरांत चौदा वर्षांचे हाफिजसाहेबही होते. आवाज तेव्हाही असाच, मधात बुडवलेला. पण एक सूरा त्यांना फिरवायची. तिच्यात एकामागून एक पैगंबर आपापल्या लोकांकडे जातात आणि प्रत्येक जण तेच बोलतो. तेच शब्द, त्याच क्रमाने. मी विश्वासाचा निरोप्या आहे, अल्लाहला भ्या, माझं ऐका, मला तुमच्याकडून मोबदला नको. मग लोक नाकारतात, मग बुडतात, आणि शेवटी पुन्हा तीच दोन वाक्यं. पाठ करणाऱ्याची तिथेच फसगत होते. एका गावात शिरलेला माणूस दुसऱ्याच गावातून बाहेर पडतो. एका दुपारी तिने हाफिजसाहेबांना तिथे सात टाळ्या मारल्या होत्या आणि सगळी पोरं लोळून हसली होती.

"हे एकसारखं कशाला सांगितलंय, उस्ताद?" रडकुंडीला येऊन त्यांनी विचारलं होतं.

"दार ठोठावणारा काय दरवेळी नवीन बोलतो?" वडील म्हणाले होते. "तो एकच सांगतो, दार उघडा. बहाणे आतल्यांचे वेगवेगळे असतात. म्हणून सारखं आहे ते ऐकू नकोस. जिथे बदलतं, तिथे कान दे. एकाला बुरुजांची घमेंड, एकाला डोंगर कोरून बांधलेल्या घरांची, एकाचं माप खोटं. प्रत्येक गावाचं पाप त्या बदललेल्या चार ओळींत आहे. बाकी सगळी त्याच दारावरची थाप."

हे सगळं तिला शुक्रवारी संध्याकाळी पीठ मळताना आठवलं. यंदा पाऊस लांबला म्हणून गावाने ठरवलं होतं, पहाटेच्या नमाजात सगळा कुरआन ओळीने वाचायचा, तीस पारे म्हणजे तीस भाग, रोज अर्धा पारा, साठ दिवस. हाफिजसाहेब वाचत होते. आज चौतिसावा दिवस, सतरावा पारा संपला. पिठाचे हात तसेच ठेवून तिने बोटांवर मोजलं. शनिवार, रविवार, सोमवार. मंगळवारी अडतिसावा. मंगळवारी एकोणिसाव्या पाऱ्याचा दुसरा अर्धा.

मंगळवारी ती सगळी गावं.

"काय मोजतेस?" सासूने विचारलं.

"काही नाही, अम्मा. भाकरी किती लागतील ते."

"तिघांना किती लागणार? बाई, झोप काढ जरा, डोळे बघ तुझे."

*

शनिवार, रविवार, सोमवार त्यांनी डोक्यावरून पाणी वाहिलं. विहीर वस्तीच्या पलीकडे, पाणी तळाला. रहाटाचा दोर ओढून ओढून रोपवाल्याच्या तळव्यांची साल निघाली. सासू घागर कमरेवर घेऊन दहा पावलं चालायची, बसायची, पुन्हा दहा पावलं. घागर वाफ्यावर आली की सून वाटीने एकेका रोपाच्या बुंध्याशी पाणी घालायची. पानावर पडलं तर उन्हाने पान भाजतं, म्हणून बुंध्याशीच. पाठीचा काटा ढिला व्हायचा. पोरीला पाजायला बसली की गळ्यातला घाम पोरीच्या कपाळावर टपकायचा, आणि लगेच तिला वाटायचं, दूध कमी तर होत नाहीये ना, पोर आज कमी प्याली का.

नवरा बोलत नव्हता. शुक्रवारपासून त्याने मशिदीत जाणं टाकलं होतं. घरातच, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून नमाज उरकायचा.

"मी त्याचे हात धरले," रविवारी दुपारी तो एकदम म्हणाला. "मऊ आहेत गं त्याचे हात."

तिने वाटी बुडवली, रोपाशी ओतली, वाटी बुडवली.

विहिरीवर हाफिजसाहेबांची बायको भेटली. तोंडाने वाईट नव्हती, पण नवऱ्याची वट आपल्याच अंगावर घालून फिरायची.

"तुमच्या माणसाला सांगा, जिभेला जरा आवरत जा म्हणावं," ती म्हणाली. "आमचे हे मोठ्या मनाचे म्हणून सोडून दिलं. दुसरा कुणी असता तर..."

"खरं आहे तुमचं," उस्तादांची लेक म्हणाली. "मंगळवारी येताय ना पहाटेला?"

"रोजच येते की. मंगळवारी काय विशेष?"

"मोठं आहे जरा त्या दिवशीचं. पाय दुखतील."

शिंपीण बाजूला घागर भरत होती. ती तोंडावर पदर ओढून हसली. "माझे तर आतापासूनच दुखतायत. परवा सजद्यात कपाळ टेकलं आणि डोळाच लागला, तो शेजारणीने कोपर मारला तेव्हा उघडला."

सोमवारी दिवस कलताना ती घागर घेऊन परत येत होती. बांधावर हाफिजसाहेब फेऱ्या घालत उद्याचं पाठ करत होते, एक हात कानाशी धरून. ती कुंपणाआड थबकली. ते बुरुजवाल्यांपर्यंत नीट आले. शेवटची दोन वाक्यं म्हणाले आणि सरळ पुढचं एक सबंध गाव टाकून त्याच्या पलीकडच्या गावात शिरले. थांबले नाहीत. दुसऱ्या फेरीतही तसंच. तिसऱ्या फेरीतही.

उस्तादांच्या लेकीने तिथल्या तिथे टाळी मारायला हवी होती. कुणाच्याही तोंडी चुकलेली आयत, कुरआनातली ओळ, ऐकून गप्प राहायचं नाही, हे तिला बोलता येण्याआधी शिकवलेलं होतं. डोक्यावरच्या घागरीतून पाणी मानेवर ओघळत होतं. तिने दोन्ही हातांनी घागर घट्ट धरली, हात मोकळाच राहू नये म्हणून, आणि पाय न वाजवता घरी आली.

कारण टाकलेलं ते गाव कोणतं, हे तिला ठाऊक होतं. विसरले होते की टाळलं होतं, हे तिला कळायला मार्ग नव्हता. कळून घ्यायचंही नव्हतं.

*

मंगळवारी पहाटे तिने पोरीला शालीत गुंडाळून जाळीपाशी समोर निजवलं, सजद्यात डोकं तिच्या पायांना लागेल इतक्या जवळ. उजव्या खांद्याला खांदा लावून हाफिजसाहेबांची बायको उभी राहिली, डावीकडे शिंपीण. पलीकडे पुरुषांच्या तीन रांगा झाल्या. पहिल्या रांगेत इमामाच्या मागे बांग देणारा म्हातारा. चुकलं तर सांगायला तोच उभा राहायचा, पण त्याला स्वतःला शेवटच्या पाऱ्यापलीकडे येत नव्हतं. गावात सगळं पाठ असलेली माणसं दोनच. एक पुढे उभं होतं, एक जाळीमागे.

हाफिजसाहेबांनी सुरुवात केली. आवाज पहाटेच्या थंड हवेत असा पसरला की शिंपीणही जागी राहिली. नूह पैगंबराचे लोक बुडाले. बुरुजवाले आले, त्यांनी घमेंड केली, त्यांचाही शेवट झाला. शेवटची ती दोन वाक्यं. प्रत्येक आयत शेवटाला एकाच नादावर येऊन टेकत होती, पाऊल पडावं तशी. तिचे ओठ बंद होते, पण प्रत्येक पाऊल ती पुढे एक टाकून उभी होती.

आणि त्यांनी गाव टाकलं.

तिने डाव्या हाताच्या पाठीवर उजवा हात मारला.

आवाज फार मोठा नव्हता, पण तिथे दुसरा आवाजच नव्हता. शेजारचा खांदा दचकला. हाफिजसाहेब थांबले. सोळा-सतरा वर्षांनी ऐकलेली टाळी, पण ओळखली, हे त्यांच्या थांबण्यावरून कळलं. ते मागे आले, शेवटची दोन वाक्यं परत म्हणाले, आणि परत पलीकडच्याच गावात गेले.

टाळी.

आता आवाज जरा घसरला. मागे आले. या वेळी उलटे फिरले, बुरुजवाल्यांत पुन्हा शिरले, झालेलं परत सुरू केलं.

टाळी.

पुरुषांच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. कुणीतरी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. हाफिजसाहेब उभे होते, गप्प. इतके गप्प की पोरीचा श्वास ऐकू येत होता. तिला वाटलं, ते आता सगळं सोडून वाकतील, रुकूत जातील, आणि हातून निसटेल. पण इतक्या लोकांसमोर आणि त्या टाळीसमोर अर्धवट सोडायची लाज त्यांना आड आली. त्यांनी ते नाव घेतलं. डोंगर कोरून घरं करणाऱ्या लोकांचं नाव.

आता बरोबर. आता ती मनात त्यांच्या मागे-मागे चालली, कुत्रं माणसाच्या मागे चालतं तशी. बागा आल्या, झरे आले, खजुरीचे मऊ मोहोर आले. लोकांनी पैगंबराला म्हटलं, तुझ्यावर कुणी जादू केलीय, खरा असशील तर निशाणी आण. आणि पैगंबर म्हणाला, ही उंटीण. पाणी पिण्याची एक पाळी हिची, आणि एक पाळी तुमची, नेमल्या दिवसाची.

इतकंच. वाचायला श्वासभरसुद्धा लागत नाही. हाफिजसाहेबांनी ते वाचलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

तिने टाळी मारली.

ते थांबले. चूक नव्हती. तिला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. रांगेतल्या बाकी कुणाला माहीत नव्हतं. क्षणभर वाटलं, ते ऐकणार नाहीत, पुढे जातील. मग ते मागे आले, लोकांनी निशाणी मागितली तिथपासून धरलं, आणि पुन्हा वाचलं. तिची एक पाळी. तुमची एक पाळी. नेमल्या दिवसाची.

टाळी.

हाताची पाठ आता चुरचुरत होती. नमाजात उभी राहून, अल्लाहच्या समोर, त्याच्याच शब्दांवर ती खोटी टाळी मारत होती. आपली नमाज केव्हाच तुटली, हे तिला कळत होतं. वडील असते तर त्यांनी काय म्हटलं असतं हेही कळत होतं. आणि तरी तिला नवऱ्याचा तो पंजा दिसत होता, मांडीवर मिटलेला, आणि कुणाचं तरी हसू ऐकू येत होतं.

तिसऱ्यांदा हाफिजसाहेबांचा आवाज आवाज राहिला नव्हता. मध सगळा निघून गेला होता, खाली खरखर उरली होती. पाळी हा शब्द कसाबसा बाहेर आला, आणि त्याच्या मागून रडू आलं.

तिने हात उचलला होता. मारला नाही. दया आली म्हणून नव्हे. पुढच्या आयतीत पैगंबर बजावतो, हिला वाईट हेतूने हात लावू नका, नाहीतर मोठ्या दिवसाचा अजाब, अल्लाहची शिक्षा, तुम्हाला गाठेल. ती त्यांनी स्वतःच्या तोंडाने वाचायला हवी होती.

त्यांनी वाचली.

*

सलाम फिरवून नमाज संपली की नेहमी लोक लगबगीने उठतात. आज कुणी उठलं नाही. हाफिजसाहेब रांगांकडे तोंड करून बसले होते, मान खाली.

"चुकत होते का हो ते?" त्यांच्या बायकोने कुजबुजत विचारलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "इतक्यांदा? कधी चुकत नाहीत."

तिने पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. आणि कुजबुजली नाही. वर्गात बोलायची तशा आवाजात बोलली, जाळीपलीकडे जाईल अशा.

"उंटिणीचं आहे ते. अल्लाहने एका उंटिणीची पाण्याची पाळी नेमून दिली होती. एक दिवस तिचा, एक दिवस लोकांचा. जनावराची पाळी होती, तरी अल्लाहने ती कुरआनात घातली. लोकांनी ती मोडली. मग ते लोक राहिले नाहीत. तिथे अडत होते हाफिजसाहेब."

"या अल्लाह," शिंपीण म्हणाली.

जाळीपलीकडे शब्द एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकताना ऐकू येत होते. मोठ्या चाचांना काही कळलं नाही. "काय म्हणाली उस्तादांची लेक? मोठ्याने सांगा!"

बांग देणाऱ्या म्हाताऱ्याने त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. मशिदीत सगळ्यांना दुसऱ्यांदा ऐकू आलं.

"असं आहे का त्यात, हाफिज?"

"आहे."

"मग तू अडलास कशाला?"

हाफिजसाहेबांनी जाळीकडे पाहिलं. एका वाक्यात ते तिला उघडी पाडू शकत होते. मी बरोबर वाचत होतो, ही बाई खोट्या टाळ्या मारत होती. मग उस्तादांच्या लेकीची टाळी पुन्हा कुणी मोजली नसती.

"चिखल मी थापला होता," ते म्हणाले. "बोटं माझीच. कचरा नव्हता."

"कुरआनवर हात ठेवून सांगितलंस ना तू!" मोठे चाचा थरथरत उठले. "त्या पोराला आम्ही तुझे हात धरायला लावले!"

"दुसरा इमाम बघा. मी उभा राहणार नाही."

"दुसरा कोण आहे?" बांग देणारा म्हातारा म्हणाला. "पाठ असलेलं दुसरं माणूस जाळीमागे आहे, आणि ते पोर पाजतंय."

कुणालाही हसू आलं नाही. मोठ्या चाचांनी काठी जमिनीवर आपटली. "राहिलेले बावीस दिवस तूच वाचायचंस. रोज. आणि ती रोज मागे उभी राहून ऐकेल. खोट्या शपथेच्या प्रायश्चित्ताचे रोजे तुझे तू धर. पाळ्या रोपवाल्याच्या रोपवाल्याला. आणि गुरुवारी दार तू स्वतः उचलायचंस, आणि दिवस बुडेपर्यंत तिथे उभं राहायचंस. कचरा अडकतो म्हणे."

ती घरी आली. ऊन वर यायच्या आत कोपऱ्यात उभी राहून तिने तुटलेली नमाज परत केली. अल्लाहची माफी मागितली, खूप वेळ, कपाळ जमिनीवरून उचललं नाही इतका वेळ. हाफिजसाहेबांची मागायचं तिच्या मनातही आलं नाही.

"काय झालं गं?" नवऱ्याने विचारलं. रस्त्यावरून दोन माणसं त्याला हाका मारत येत होती, त्याच्याशी बोलायला, पहिल्यांदाच.

"गुरुवारी पाणी आहे," ती म्हणाली. "फावड्याचा दांडा हलतोय, तेवढा बसवून घ्या."

*

गुरुवारी दुपारची बांग झाली तेव्हा हाफिजसाहेब पाटाच्या फाट्यावर आधीच उभे होते. त्यांनी दार उचललं. पाणी तिच्या वाफ्यांकडे पळालं. खाली रोपवाला वाफ्या-वाफ्याची तोंडं फोडत होता, त्याच्या फावड्याचा आवाज इथवर येत होता. त्या पहाटे नमाजातल्या रांगेत एक माणूस वाढलं होतं. तो मशिदीत गेला होता आणि लोकांनी त्याला पहिल्या रांगेत ओढलं होतं.

ती पोरीला कडेवर घेऊन फाट्याच्या दुसऱ्या काठावर येऊन उभी राहिली. पोरीच्या डोक्यावर ओला रुमाल. स्वतःच्या डोक्यावर पदर. मागेच झाडाची सावली होती. ती सावलीत गेली नाही, कारण ती गेली असती तर त्यांनाही जाता आलं असतं.

एक तास गेला. दुसरा गेला. हाफिजसाहेब रोजा धरून होते. ओठ सुकून पांढरे झाले होते, आणि पायाशी पाणी वाहत होतं. त्यांनी एकदा बसायला गुडघे वाकवले. तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते पुन्हा सरळ झाले.

तिसऱ्या तासाला ते म्हणाले, "पहिल्या वेळेला मी बरोबर वाचलं होतं ना? ती पाळीची आयत."

"हो."

"दुसऱ्या वेळेला?"

"बरोबर होतं."

"तिसऱ्या?"

"तेही बरोबर. उच्चार तर फार सुंदर होता. अब्बांनी डोक्यावर हात ठेवला असता."

त्यांनी खाली पाण्याकडे बघितलं. "मी कुणाला सांगितलं नाही ते."

"सांगायचं होतंत."

पोर झोपेत कुरकुरली. तिने तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, रुमाल पाण्यात बुडवून पिळला, परत डोक्यावर ठेवला. वाफ्यांकडून रोपवाल्याची आरोळी आली, सातवा भिजला म्हणून.

"त्या दिवशी अंगणात मी त्याला लगेच माफ केलं," हाफिजसाहेब म्हणाले. आवाज अगदी कोरडा होता. "चूक त्याची नव्हती, तरी केलं. आता तू..." त्यांनी दारावरची पकड बदलली. "तू मला माफ करशील की नाही, एवढं तरी सांग."

तिने सूर्याकडे पाहिलं. मग पाटाकडे, मग त्यांच्या पायांकडे.

"दिवस बुडायला अजून तीन तास आहेत," ती म्हणाली. "दार नीट धरा, खाली येतंय ते."